आम्हीही जरा 'बसलो'!

आपल्या मराठीतलं 'बसणं' हे क्रियापद मोठं गमतीचं आहे. बघा ना, एक पुरुष दुसऱ्याला म्हणाला, "काय, आज बसायचं का?" की त्याचा अर्थ घरातल्या लहान पोरालाही कळतो. कुठं बसायचं, काय घेऊन बसायचं, काही सांगावं लागत नाही. तेच क्रियापद बाईच्या वाट्याला आलं की मात्र त्याचा सगळा नूरच पालटतो. बाई 'बाहेर बसते' ती महिन्याच्या त्या चार दिवसांत. बाई 'घरीच बसते' म्हणजे नोकरी करत नाही. मग पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत तिची पाठ भिंतीला टेकत नसली तरी! आणि पंगतीला ती बसते ती सगळ्यांत शेवटी, भात गार झाल्यावर आणि आमटीचं पातेलं तळाला गेल्यावर.

हे सगळं मनात यायचं कारण म्हणजे मध्यंतरी आम्ही सहा जणी चक्क 'बसलो'. तेही कुणाच्या घरी हळदीकुंकवाला नव्हे, तर मीरा रोडच्या एका पबच्या धर्तीच्या हॉटेलात! उंचावल्या ना भुवया? थांबा जरा. त्या बसण्यातून पुढं जे निघालं ते ऐका आणि मग काय ते बोला.

मी भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात हिशेबाचं काम करते. आमच्या भागात स्टीलच्या भांड्यांचे गाळे पुष्कळ. तुमच्या फडताळातला एखादा डबा नाहीतर पातेलं आमच्याच भागातून आलेलं असायचं! एका टोकाला पत्रा येतो, तो प्रेसखाली जातो, त्याला आकार येतो, मग पॉलिश होतं. पॉलिशच्या खात्यातली माणसं संध्याकाळी बाहेर पडतात ती डोक्यापासून पायापर्यंत काळीठिक्कर, आणि भांडी मात्र आरशासारखी लखलखीत. ही भांडी शेवटी येतात पॅकिंगच्या बायकांकडे. त्यांनी ती फडक्यानं पुसायची, लेबल चिकटवायचं, कागदात गुंडाळायची आणि खोक्यात भरायची. कमरेएवढ्या उंच टेबलाशी आठ तास उभं राहून.

आमच्याकडचे पुरुष दर पगाराला बसतात. त्यात वाईट काही नाही. दिवसभर यंत्रापुढं राबलेल्या माणसांना घटकाभर विरंगुळा हवाच. पण गंमत अशी, की सोमवारी सकाळी कामावर आलं की काहीतरी ठरलेलं असतं. यंदा ओव्हरटाइम कुणाला द्यायचा, गावाला आधी कुणी जायचं, कुणाला कुठल्या खात्यात घालायचं. "अहो, पण हे ठरलं कधी?" असं विचारलं की उत्तर येतं, "परवा बसलो होतो ना, तेव्हा बोलणं झालं." सुपरवायझर त्यांच्यातच बसलेले, कधी शेठचा मुलगाही डोकावून गेलेला. कुणी मुद्दाम आमच्याविरुद्ध काही करत होतं असं नाही. आम्ही तिथं नव्हतो, म्हणून आमची आठवण निघत नव्हती, एवढंच.

तरी आम्हाला हे कधी खटकलं नव्हतं. खटकलं ते आमच्या डिस्पॅचच्या मुलीला. चोवीस वर्षांची पोर, बी.कॉम. झालेली, बोलायला फटकळ. ती एक दिवस डबा खाता खाता म्हणाली, "ताई, आपण का नाही बसत?"

आम्ही हसलोच. पॅकिंगची वहिनी तर तोंडाला पदर लावून हसली. पण पोरीनं पिच्छा सोडला नाही. शेवटी असं ठरलं, की जायचं. कुणाचा वाढदिवस नको, निरोप नको, आठ मार्च नको. सहज म्हणून जायचं. आणि पैशाचं काय? तर भिशी काढायची. दर पगाराला सगळ्यांनी सारखे शंभर रुपये माझ्याकडं द्यायचे. मी पगारवाली, पॅकिंगच्या दोघी रोजावर, म्हणून मी त्यांचा वाटा निम्मा करावा असं सुचवून पाहिलं. त्यावर मावशी फट्‌दिशी म्हणाल्या, "ताई, माझं मी देणार. नाहीतर मी येणार नाही." संपला विषय. पाच महिन्यांत तीन हजार जमले.

आता आमची मंडळी कोण ते सांगते. मी. डिस्पॅचची मुलगी. पॅकिंगच्या मावशी, साठीला टेकलेल्या, आणि त्यांच्याच टेबलावरची वहिनी. बिलं करणाऱ्या बेन. त्या जैन, कांदा-लसूणसुद्धा खात नाहीत. आणि उत्तनहून येणाऱ्या बाई, ख्रिश्चन; त्यांच्याकडं लग्नाकार्यात ग्लास भरणं म्हणजे आपल्याकडं पान-सुपारी देण्याइतकी साधी गोष्ट. एका टेबलाशी इतके तऱ्हेचे लोक! पण आमच्या गावाचं हे असंच आहे. मिठागरं, कोळीवाडे आणि शेतं यांच्यामध्ये इमारती उगवल्या, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि मुंबईत घर न परवडलेले सगळे इथं शेजारी शेजारी येऊन राहिले.

घरी काय सांगायचं, हा मोठाच प्रश्न होता. पब या शब्दाला हल्ली थोडी प्रतिष्ठा तरी आलीय, पण आमच्याकडं 'बार' म्हटलं की डोळ्यांपुढं वेगळंच येतं. काशिमिऱ्याच्या बाजूला हायवेवर ऑर्केस्ट्रा बारच्या पाट्या आम्ही येता-जाता बघतो. डान्सबारवर सरकारनं २००५ साली बंदी घातली, पुढं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, २०१३ साली बंदी उठवण्याचा निकाल लागला. त्या सगळ्या काळात आमच्या गावाचं नाव या ना त्या कारणानं वर्तमानपत्रात यायचंच. तेव्हा भल्या घरच्या बाईनं 'तसल्या' दारातून आत जायचं म्हणजे काय? वहिनीनं घरी 'कंपनीचं जेवण' असं सांगितलं. बेननी नवऱ्याला खरं सांगितलं आणि हॉटेलात जैन पदार्थ मिळतात याची फोनवर आधी खात्री करून घेतली. मीही आमच्या ह्यांना आणि सासूबाईंना सरळ सांगून टाकलं. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "तिथं मासे मिळतात का गं?"

शनिवारी सहाच्या सुमाराला निघालो. आमच्या मालाच्या टेम्पोचा दादा म्हणाला, "मी सोडतो की!" मग त्याला तसंच कसं पाठवायचं? तोही पाहुणा म्हणून आला. चांगला मुलगा आहे, दारूच्या वाटेला जात नाही. त्याच्या येण्यानं एक गंमत मात्र झाली. वेटरनं सगळ्यांत आधी पाणी त्याच्यापुढं ठेवलं, मेनू त्याच्यापुढं ठेवला, आणि "सर, काय घेणार?" असं त्यालाच विचारलं. बिचारा कानकोंडा झाला. म्हणाला, "अहो, मला काय विचारता, यजमान ह्या आहेत!"

आत अंधूक पिवळे दिवे, लाकडी पिंपांची सजावट, भिंतीवर क्रिकेट चाललेलं, आणि बसायला ही उंच उंच स्टुलं. वहिनीला चढताच येईना. तिला आम्ही दोघींनी हात देऊन चढवलं. गाणी मात्र इतकी मोठ्यानं, की शेजारणीचं बोलणं ऐकू येईना. मी वेटरला बोलावून आवाज कमी करायला सांगितला आणि त्यानं तो लगेच केला. सांगायचं म्हणजे, सहा-साडेसहाला अशी हॉटेलं रिकामी असतात, तेव्हा सांगितलेलं ऐकतात. नऊनंतर कुणी तुमचं ऐकणार नाही.

मागवण्यात वेळ गेला. पनीर टिक्का, मसाला पापड, व्हेज बिर्याणी, कोळंबी, बेनसाठी जैन भाजी वेगळी. बेन एका टोकाला बसल्या, ताट जरा बाजूला घेतलं. म्हणाल्या, "मला वास चालत नाही, पण तुमच्याबरोबर गप्पा चालतात." कोळंबी आली तेव्हा उत्तनच्या बाईंनी एक उचलून वास घेतला, तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "बर्फातली आहे ही. आमच्या बंदरावरची नाही." पण खाल्ली सगळ्यांनी. आणि खरं सांगू, ती गरम होती. वाढणारं दुसरं कुणीतरी होतं, आणि आम्ही सहाही जणी एकाच वेळी जेवत होतो. कुणी मध्येच उठून पोळी टाकायला जात नव्हती. वहिनी दोनदा उठलीच, केवळ सवयीनं!

मग पोरीनं आपल्यासाठी बिअर मागवली. तिचं वय बसत होतं. आपल्या राज्यात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पुरी लागतात. आमच्या उत्तनच्या बाईंनी थोडी वाइन घेतली. बाकी आम्ही लिंबू सरबत, आणि दादानं लस्सी. पण तो फेसाळलेला ग्लास टेबलावर आला मात्र, आणि मावशी गप्प झाल्या.

त्यांचा नवरा दारूपायी गेला हे आम्हाला माहीत होतं. पोरीला माहीत नव्हतं. ते तिच्या लक्षात आलं तेव्हा तिनं ग्लास बाजूला सारला. कुणीच काही बोलेना. मग मावशीच बोलायला लागल्या, अगदी हळू.

"पगाराच्या दिवशी मी पोराला काखेत घेऊन परमिट रूमच्या दाराशी उभी राहायची. ते बाहेर आले की उरलेले पैसे मागायला. एकदा पाऊस होता म्हणून पायरीवर चढले, तर तिथला पोऱ्या म्हणाला, बायकांना आत यायला नाही. किती वर्षं उभी राहिले मी तशी. मला वाटायचं, आत असं काय असेल, की ह्या माणसाला घर आठवत नाही?" त्यांनी सगळीकडं नजर फिरवली. "आज बघितलं. टेबल-खुर्च्या तर आहेत."

पोरगी रडायच्या बेताला आली. म्हणाली, "मावशी, मी नाही पीत."

"पी गं तू," मावशी म्हणाल्या. "तू तुझ्या पैशाची पितेयस, आणि तुझी वाट बघत दाराशी कुणी उभं नाही. पण आधी चार घास खा. उपाशी पोटी नको."

हे ऐकून मला जे वाटलं ते असं. आपल्या राज्यात बायका आणि दारू यांचं नातं फार जुनं आहे, पण ते दाराबाहेरचं आहे. १९४९ सालच्या कायद्यानं दारूबंदी आली. त्या कायद्याप्रमाणं आजही प्यायला परवाना लागतो, दिवसाचा, वर्षाचा नाहीतर जन्मभराचा. 'परमिट रूम' हे नाव त्यातलंच. आत जायचा परवाना पुरुषाच्या खिशात, आणि त्याची किंमत मोजायची बाईनं. म्हणून गावोगावच्या बायका उठल्या. बाटली उभी की आडवी, असं मतदान घेऊन त्यांनी कितीतरी दुकानं बंद पाडली. गडचिरोलीत १९९३ साली जिल्हाभर बंदी झाली, ती लोकांच्या, आणि त्यातही बायकांच्या रेट्यामुळं. या बायकांना कुणी जुनाट म्हणू नये. त्यांनी काय भोगलंय ते मावशींसारख्यांना विचारावं.

पण आमच्या पोरीसारख्या मुलींनाही कुणी चवचाल म्हणू नये. तिला दारूचं वेड नाही. तासाभरात अर्धा ग्लास तसाच राहिला होता. तिला हवी होती ती जागा. पूर्वी इराण्याच्या आणि उडप्याच्या हॉटेलांत 'फॅमिली रूम' असायची, आठवतं? पडदा लावलेली, नाहीतर लाकडी आडोशाची. बाईनं तिथं बसायचं, तेही सोबत घरचं माणूस असेल तर. माझी आई तिच्या उभ्या आयुष्यात एकटीनं हॉटेलात चहा प्यायली नाही. हॉटेलाच्या चुलीशी मात्र बायका कायम होत्या! गिरणगावात खाणावळी चालवून हजारो कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकाच होत्या. प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली त्यांनाच एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. दमलेल्या कामगाराला गरम जेवण लागतं, हे बायकांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. दमलेली कामगार जर बाईच असली, तर तिनं कुठं बसायचं, हे मात्र अलीकडं अलीकडं विचारलं जाऊ लागलंय.

असो. मावशी बोलल्या आणि टेबलाभोवतीचा ताण एकदम उतरला. मग जी ती बोलायला लागली. गाळ्यात जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास मिळतो. त्यात हात धुवायचे, डबा उघडायचा, फोनवर पोरं शाळेतून आली का विचारायचं. तेव्हा कुठं बोलणार? वहिनी मध्येच हात धुवायला गेली आणि परत आली ती डोळे मोठ्ठे करून. "ताई, इथल्या बायकांच्या संडासाला आतून धड कडी आहे हो!" आम्ही हसलो, आणि मग हसू थांबलं. आमच्या गाळ्यातल्या दाराची कडी कित्येक महिने मोडलेली होती. एक आत गेली की दुसरीनं दाराशी पहारा करायचा. हिशेबाच्या खोलीकडं वेगळी सोय आहे, त्यामुळं मला हे माहीतच नव्हतं. मला कुणी सांगितलंही नव्हतं.

मग मावशींनी साडीची कड जरा वर घेतली आणि पाय दाखवले. घोट्याशी सुजलेले, पोटरीवर निळ्या शिरा टरारलेल्या. "संध्याकाळी चपलेत जात नाहीत," त्या म्हणाल्या. शेठना बसायला काही मागायचं, तर मागं एकदा प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणून दिल्या होत्या. पण टेबल उंच आणि खुर्ची ठेंगणी. हात वर करकरून खांदे दुखायला लागले. खुर्च्या गेल्या कोपऱ्यात, आणि 'बायकांना बसून काम जमत नाही' असा शिक्का बसला.

आणि इथंच ती गोष्ट झाली. मावशी बोलता बोलता थांबल्या, आपल्या बुडाखालच्या स्टुलाकडं बघितलं, समोरच्या टेबलाला हात लावला. म्हणाल्या, "अगं, ह्याची उंची बघ. आपलं टेबल एवढंच आहे की!"

टेम्पोचा दादा लगेच खाली उतरला आणि विती टाकून मोजायला लागला. अडीच फूट भरलं. वर पाय टेकायला आडवी दांडी. वेटर बघतच राहिला, ही माणसं स्टूल का मोजतायत! पोरीनं फोटो काढले. आणि त्याच टेबलाशी आमचं ठरलं, की सोमवारी शेठकडं जायचं. एकटीनं नाही, सहाही जणींनी.

जाण्यापूर्वी मी जरा माहिती काढली, ती तुमच्याही उपयोगी पडेल. उभ्यानं काम करणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय असावी, हे १९४८ सालच्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमातच लिहिलेलं होतं. २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांतही ही तरतूद आहे. केरळात दुकानांतल्या विक्रेत्या बायकांना दिवसभर बसू देत नसत. साडी दाखवायची ती उभ्यानं, आणि गिऱ्हाईक नसलं तरी उभ्यानंच. त्या बायकांनी आवाज उठवला, आणि २०१८ साली तिथला कायदा बदलून घेतला. २०२१ साली तमिळनाडूनंही तसा कायदा केला. म्हणजे बघा, 'बसण्याच्या हक्का'साठी बायकांना कायदा करवून घ्यावा लागला!

सोमवारी आम्ही गेलो. भांडण केलं नाही. मी हिशेब मांडला: एवढी स्टुलं, एवढी उंची, अंदाजे एवढा खर्च, आणि उभं राहून पाय दुखले की दुपारनंतर किती खोकी कमी भरतात, तेही. मावशींनी एकच वाक्य सांगितलं, "शेठ, आम्हाला बसून काम जमतं. बसायला नीट द्या." शेठ थोडे चकित झाले. सहा जणी एकदम आलेल्या त्यांनी पूर्वी पाहिल्या नव्हत्या. दाराची कडी दुसऱ्याच दिवशी लागली. स्टुलांना तीन आठवडे लागले, आणि सहा मागितली तर चार आली. दोघी-दोघी आळीपाळीनं बसतात. उरलेल्या दोनांचं बोलणं चालू आहे. मावशींची सूज काही जादूनं गेली नाही, पण संध्याकाळी चप्पल पायात जाते.

आता तुमच्यापैकी कुणाच्या मनात असं जेवण घ्यायचं असेल, तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगून ठेवते.

पैशाचं आधी ठरवा. ऐन वेळी "सारखे वाटून घेऊ" म्हटलं की जिचा पगार सर्वांत कमी तिच्या पोटात गोळा येतो, आणि ती पुढच्या वेळी काहीतरी कारण काढून यायचं टाळते. आमच्यासारखी भिशी काढली तर ओझं वाटत नाही आणि उपकारही होत नाहीत. खाण्याचं सगळ्यांचं मिळून, पिण्याचं ज्याचं त्यानं, हा नियम पहिल्यापासून ठेवा. ते सोपंही आहे, कारण खाण्यावर जीएसटी असतो आणि दारूवर व्हॅट. त्यामुळं बऱ्याच ठिकाणी दोन्हींची बिलं वेगळीच येतात.

बिल नीट वाचा. आमचं खाण्याचं बिल झालं २,४८० रुपये, त्यावर पाच टक्के जीएसटी १२४. पण खाली 'सर्व्हिस चार्ज' म्हणून आणखी २४८ लावलेले होते. हा आकार सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ साली तसं स्पष्ट सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५ च्या मार्चमध्ये ते उचलून धरलं. मी शांतपणे काढायला सांगितला, त्यांनी काढला. २,६०४ भरले, शंभर रुपये त्या पोराला खुशीनं दिले, आणि उरलेल्यात आमच्या रिक्षा झाल्या.

तिसरं म्हणजे दुसरीच्या ग्लासात डोकावू नका. पिणारीनं न पिणारीला आग्रह करायचा नाही, आणि न पिणारीनं पिणारीकडं डोळे वटारून बघायचं नाही. जी घेणार असेल तिनं आधी खाऊन घ्यावं, मध्ये पाणी प्यावं, आणि घरी एकटीनं जाऊ नये. आम्ही साडेआठला उठलो. दोघी-दोघींनी रिक्षा केल्या, रिक्षाचे नंबर एकमेकींना पाठवले आणि पोचल्यावर पोचल्याचं कळवलं.

आणि घरी? शक्यतो खरंच सांगावं. वहिनीलासुद्धा दुसऱ्या वेळी खोटं सांगावं लागलं नाही, नवरा म्हणाला, "तुमच्या त्या जेवणात स्टूल मिळालं म्हणे!" आमच्या सासूबाईंसाठी मी कोळंबीची एक प्लेट बांधून नेली होती. त्यांनी चाखली आणि म्हणाल्या, "बर्फातली आहे." मी म्हटलं, "हो, तिथंही कळलं!"

हॉटेल पबसारखंच हवं असं मुळीच नाही. कोपऱ्यावरचं उडप्याचं चालेल, इमारतीची गच्ची चालेल, घरून आणलेले डबेही चालतील. पण कामावरच्या बायकांनी महिन्या-दोन महिन्यांनी एकदा कामाच्या जागेबाहेर एकत्र बसावं, घड्याळाकडं न बघता जेवावं आणि बोलावं. आपल्यातल्या कुणाचे पाय सुजतात, ते उभ्या उभ्या कळत नाही.